भिंतीपलीकडचा उन्हाळा

ओजस लांजेवारचं मशीन अडखळलं ते नेमकं पात्रता फेरीच्या मध्यात. पडद्यावरचं शहर निमिषभर गोठलं, आणि तेवढ्यात समोरच्या खेळाडूनं त्याला टिपलं. हेडसेट काढून त्यानं पहिला फोन शलाका मोहरीलला लावला.

"ताई, मशीन तापून राहिलंय. असंच चाललं तर या सीझनला माझं काही खरं नाही."

शलाका धंतोलीत गेमिंगची मशीनं बांधायची. तयार मशीनं विकणारी दुकानं नागपुरात भरपूर होती. पण ज्याला आपल्या हाताच्या मापाचं, आपल्या खेळाच्या स्वभावाचं मशीन हवं असे, तो तिच्याकडे येई. ओजसचं पहिलं मशीन तिनंच बांधलं होतं, तो शाळेत असताना. तेव्हापासून तो तिला ताई म्हणे. आता तो व्यावसायिक खेळाडू झाला होता, बेसा भागातल्या एका टॉवरमध्ये नवव्या मजल्यावर एकटा राहत होता, आणि शर्टावर प्रायोजकांची नावं मिरवत होता.

ती पोचली तेव्हा खोलीची भट्टी झाली होती. पूर्वी खेळातलं शहर कंपनीत बसून कुणीतरी आधीच रंगवून ठेवलेलं असायचं. आता ते खेळाडूच्या मशीनमध्ये, तो वळेल त्या क्षणी, नव्यानं तयार होई: रस्ता, गर्दी, गर्दीतल्या प्रत्येकाचा आवाज. हे सगळं काम चिप करी, आणि दोन मोठे हीटर सतत चालू ठेवावेत एवढी उष्णता त्यातून बाहेर पडे.

ती उष्णता काढायला पाणी लागतं. चिपवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवायचा, त्यातून पंपानं पाणी खेळवायचं, आणि तापलेलं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्या-पात्यांमधून फिरवून पंख्यांनी निववायचं. रेडिएटर निवडणं ही शलाकाची खरी खुबी. जाड घ्यायचा की रुंद, पाती दाट की विरळ, पंखे किती, हे ती खोली बघून सांगे. कारण रेडिएटर उष्णता संपवत नाही. ती पाण्यातून काढून खोलीत सोडतो. आणि एप्रिलमधल्या नागपुरात, जिथं हल्ली पहाटेसुद्धा अंगाला वाफ लागते, तिथं खोलीनं ती ठेवायची कुठं?

"पंखे वाढवू?" ओजसनं विचारलं.

"आवाजाचं काय करशील? तुला मागून येणारी पावलं ऐकू यायला पाहिजेत न." तिनं पाठीवरची पिशवी उतरवली. "नवीन वस्तू आणलीये. एकवाट."

एकवाट हे बाजारानं पाडलेलं नाव. दिसायला ती जेवायच्या पाटाएवढी, करड्या रंगाची साधी प्लेट. रेडिएटरऐवजी तापलेलं पाणी हिच्यातून फिरवायचं आणि हिची पाठ भिंतीला चिकटवायची. मागच्या बाजूला व्हॅनेडियम नावाच्या धातूच्या संयुगाचे अतिशय पातळ थर होते. या संयुगाचा एक विलक्षण गुण आहे: ठरावीक तापमानाच्या वर ते उष्णता सहज वाहून नेतं, खाली आलं की जवळपास दार लावून घेतं. थर नेमक्या क्रमानं रचले की उष्णता प्लेटमधून एकाच दिशेनं जाते. पाणी तापलं की दार उघडतं आणि उष्णता भिंतीत शिरते. पाणी निवलं की दार बंद, भिंतीची उष्णता परत फिरत नाही. पंखा नाही, आवाज नाही. फक्त मागची भिंत पाण्यापेक्षा बरीच थंड हवी.

शलाकानं तापमापक पश्चिमेच्या भिंतीवर रोखला. उन्हानं ती आतूनसुद्धा भाजत होती. खिडकीबाहेर काही लटकवायला सोसायटीची मनाई. मग ती पूर्वेच्या भिंतीपाशी आली, आणि तिनं तळहात टेकवला. माठाला हात लावल्यासारखं गार वाटलं.

ही भिंत शेजारच्या फ्लॅटशी सामाईक होती.

"पलीकडे कोण राहतं?"

"एक बाई आहेत. रामटेके. कधी दिसत नाहीत बाप्पा, दार बंदच असतं."

भिंत एवढी गार म्हणजे पलीकडे एसी अखंड चालू असणार. शलाकाचा हात तिथंच थांबला. आपण काय करायला निघालोय हे तिला पूर्ण कळत होतं. त्याच वेळी उत्तरही तयार झालं: काँक्रीटची जाड भिंत, पलीकडे एसी. थोडं तापलं तर एसी बघून घेईल. कुणाला पत्ताही लागणार नाही.

"इथंच लावू," ती म्हणाली.

चालू केल्यावर पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघता बघता उतरला. ओजसनं खुर्चीतच गिरकी घेतली. खोलीत इतकी शांतता होती की खालच्या रस्त्यावरचा भेळवाल्याचा चमचा ऐकू येत होता.

ओजस जिंकत गेला. त्याच्या मशीनवर शलाकानं एक चित्रफीत केली. 'आधी थंड भिंत शोधा' असं तिचं सांगणं होतं. शेजाऱ्याबद्दल एक शब्दही त्यात नव्हता. ती चित्रफीत वाऱ्यासारखी पसरली. पुण्याहून, इंदूरहून मुलं फोन करू लागली. त्याच टॉवरमध्ये आणखी तीन घरांत तिनं एकवाट बसवली, तिन्ही सामाईक भिंतींवर. शिकाऊ कारागिरांना ती हसत सांगे, "एसीवाला शेजारी मिळाला की निम्मं काम झालं."

सीझनची फायनल रविवारी होती. आदल्या दिवशी दुपारी तिला एक मशीन पोचवायचं होतं. गिऱ्हाइकानं सगळं फोनवरच ठरवलं होतं. खेळण्याचं नव्हे, बोलून चालवायचं मशीन: मजकूर मोठ्या आवाजात वाचून दाखवणारं, सांगितलेलं उतरवून घेणारं. गिऱ्हाईक भाषांतरकार होत्या आणि त्यांची नजर अधू होत चालली होती. पत्ता मात्र शलाकानं निघताना पाहिला. तोच टॉवर. नववा मजला. प्रणिता रामटेके.

दार उघडायला वेळ लागला. चाळिशीच्या, काटक बांध्याच्या बाई एका हातानं भिंतीचा आधार घेत उभ्या होत्या.

"या. सावकाश चालते मी, रागावू नका."

घर नीटनेटकं होतं. एसी घरघरत होता. कामाचं टेबल आतल्या खोलीत होतं, आणि खुर्चीची पाठ पूर्वेच्या... नाही, इकडून ती पश्चिमेची भिंत. शलाकाचं डोकं दिशा उलटवत गेलं आणि मग थांबलं. तीच भिंत. तिला लागून एक लहान, नवाकोरा पलंग होता. त्यावर कासवांची चित्रं असलेली चादर.

"माझ्या मुलीचा," प्रणिताबाई म्हणाल्या. "म्हणजे, होणार होती. जुई. सात वर्षांची आहे. दत्तक घेणार होते. चार-पाच वेळा राहून गेली इथं."

"आणि आता?"

"सोमवारी समितीसमोर जाऊन नाही म्हणून सांगणार आहे."

शलाका वायर जोडत खाली वाकली होती, ती तशीच राहिली.

प्रणिताबाई बोलत होत्या, पुष्कळ दिवसांत कुणाशी बोलल्या नसाव्यात अशा. त्यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस होता. मेंदूतल्या नसांवरचं वेष्टण झिजतं आणि संदेश वाटेतच गळतात. आठ वर्षं आजार शांत होता; म्हणूनच डॉक्टरांनी मूल घ्यायला हरकत नाही असं लिहून दिलं होतं. यंदाच्या एप्रिलपासून मात्र नजर धूसर होऊ लागली, पाय लटपटू लागले.

"उष्णतेनं होतं असं. वेष्टण झिजलेल्या नसा अंग थोडं तापलं तरी काम सोडतात. म्हणून तर मी एसी कधी बंद करत नाही. तो बघा, तिकडे आकडा. पंचवीस. मेकॅनिक दोनदा येऊन गेला, म्हणतो एसी उत्तम आहे. घर गार असताना होतंय, म्हणजे आजारच वाढला न? परवा जुईला आंघोळ घालताना पडले मी. ती घाबरली. रडत माझा हात ओढत होती." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "लेकरानं मला उचलायचं का? तिच्यासाठी दुसरं कुटुंब तयार आहे. मी अडवून ठेवलंय."

शलाकानं उठताना आधार घेतल्याचा बहाणा करून भिंतीला हात लावला. भिंत गरम होती. ताप आलेल्या माणसाच्या कपाळाला लावावा तसा हात.

सगळं तिच्यासमोर उलगडलं. एसीचा आकडा हवेचा होता. हवा गारच होती. पण तापलेली भिंत हवेची वाट बघत नाही. तिची उष्णता अदृश्य किरणांनी थेट समोरच्या अंगात शिरते, शेकोटीसमोर हिवाळ्यातही तोंड भाजतं तशी. या बाई दिवसभर भिंतीला पाठ करून बसत होत्या. शेकत होत्या. भिंतीच्या त्या बाजूला ओजस सराव करत होता.

"बाई," शलाका म्हणाली.

"काय?"

एक वाक्य पुरेसं होतं. ते ओठांपर्यंत आलंही. पण पाठोपाठ बाकी सगळं आलं. उद्याची फायनल. चित्रफीत. त्या चित्रफितीखाली लिहिलेलं तिचं नाव. आणि या बाईंचा चेहरा, ते ऐकतानाचा.

"खुर्ची... जरा पुढे घेऊन बसत जा. भिंतीपासून लांब. मशीनला हवा लागते."

"बरं," प्रणिताबाई म्हणाल्या, आणि आज्ञाधारकपणे खुर्ची वीतभर पुढे सरकवली.

बाहेर पडल्यावर शलाकानं शेजारची बेल वाजवली.

"उद्याचा सामना संपला की ती प्लेट काढायची," ती ओजसला म्हणाली. "पलीकडची भिंत तापतेय."

"तक्रार आली काय?"

"नाही. पण काढू."

"मग उद्यापर्यंत राहू दे न, ताई. एवढ्यासाठी वर्ष घातलंय मी."

"राहू दे," ती म्हणाली. आजाराचं तिनं सांगितलं नाही. मुलीचंही नाही.

जिन्यात उतरताना तिचा बेत पक्का झाला. रविवारी संध्याकाळी प्लेट निघेल. सोमवारी सकाळी बाई उठतील तेव्हा त्यांना दिसत असेल, पाय टेकत असतील. त्या आपण होऊनच समितीला सांगतील की थांबा. कुणाला काही सांगायची गरजच पडणार नाही. बेत इतका सोपा होता की तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची मनातल्या मनात लाजही वाटली.

रविवारी ओजस जिंकला. खोलीत त्याचे मित्र नाचत होते, कुणीतरी संत्रा बर्फी वाटत होतं. दिवेलागणीला शलाकानं स्वतः स्क्रू काढून प्लेट उतरवली.

काँक्रीट तापायला वेळ लागतो, आणि निवायलाही. जितकं जाड, जितकं जड, तितकी त्याच्या पोटात उष्णता जास्त साठते. आणि इथं तर आठवडेच्या आठवडे ती भिंतीत, भिंतीतून वरच्या-खालच्या स्लॅबमध्ये मुरत गेली होती. प्लेट काढली तरी भिंत आपला साठा सोडत राहणार. एका रात्रीत ती निवेल का, हे गणित शलाका चहा होईपर्यंत करू शकली असती. दुसऱ्या कुणाच्या घरासाठी तिनं ते केलंही असतं. त्या संध्याकाळी तिनं ते केलं नाही, कारण उत्तर काय येईल याचा तिला अंदाज होता.

सोमवारी प्रणिताबाई नेहमीसारख्या धूसर नजरेनं उठल्या, रिक्षा करून गेल्या, आणि नाही म्हणून सांगून आल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज ओळखू येऊ नये इतका मोकळा होता.

"शलाकाताई, तुमचं मशीन परत न्या! मला दिसतंय. काल बारीक टायपातला अख्खा करार वाचला. जिना उतरले. डॉक्टरसुद्धा चक्रावले, म्हणाले एमआरआयमध्ये नवीन काहीच नव्हतं, आम्हाला आधीच कळत नव्हतं."

"जुई?" शलाकानं विचारलं.

"मी लगेच विचारलं समितीला. ती गेली. साताऱ्याचं जोडपं आहे, चांगली माणसं आहेत म्हणे. मुलीला पुन्हा पुन्हा हलवायचं नसतं, हेही बरोबरच आहे. थोडं आधी बरं वाटलं असतं तर..."

शलाका त्याच दुपारी गेली. प्रणिताबाईंनी दार चटकन उघडलं, सरबत केलं, स्वतः ट्रे घेऊन आल्या. पेला हातात घेऊन शलाकानं सांगितलं. प्लेट, भिंत, किरणं, सगळं. सांगताना तिला जाणवलं की ती विज्ञानच जास्त सांगतेय, कारण तेवढंच सरळ सांगता येत होतं.

शेवटी प्रणिताबाईंनी एकच विचारलं.

"तुम्ही मशीन लावायला आलात, शनिवारी. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तुमची भिंत हाताला लागली तेव्हा कळलं."

"म्हणजे मी जुईचं सांगत होते तेव्हा."

"हो."

"आणि तुम्ही मला खुर्ची पुढे घ्यायला सांगितलीत."

शलाकाला वाटलं होतं त्या ओरडतील. त्या उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

"आजार माझा होता, त्याचा मला राग यायचा नाही," त्या न वळता म्हणाल्या. "कुणावर काढणार राग? आता माणूस मिळालं."

ओजसला कळलं तेव्हा त्यानं हेडसेट काढून ठेवला. "तू मला फक्त भिंत तापते म्हणालीस," तो म्हणाला. "ताई, मी मशीन बंद केलं असतं. फायनल गेली असती तर गेली असती. तू मला विचारलंच नाहीस." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू एवढ्या वर्षांत तिला पहिल्यांदाच पाहतोय. शलाकानं मनात ओजसच्या स्वप्नाची जी ढाल धरून ठेवली होती, ती तिथंच गळून पडली. तिनं त्याच्यासाठी काही केलं नव्हतं. स्वतःसाठी केलं होतं.

ती चित्रफीत तिनं काढून टाकली आणि दुसरी टाकली. त्यात भिंतीची दुसरी बाजू होती. आडपडदा न ठेवता तिनं आपण काय केलं ते सांगितलं. फक्त प्रणिताबाईंचं नाव घेतलं नाही. धंद्यातल्या लोकांनी तिला वेड्यात काढलं, काहींनी शिव्या घातल्या. तिला त्याचं फारसं काही वाटलं नाही. तिच्या डोळ्यांसमोर कासवांची चादर सारखी करणारा हात होता.

पावसाळा सरता सरता प्रणिताबाईंनीच तिला बोलावलं.

"साताऱ्याच्या आईशी बोलले मी," त्या म्हणाल्या. "भल्या आहेत. जुई तिकडे रुळतेय, पण अधूनमधून विचारते, नागपूरच्या मावशीनं मला का नको म्हटलं. मी सांगेन माझं. तुमचं तुम्ही सांगा."

"सात वर्षांच्या मुलीला?"

"तिला माझ्यापासून तोडताना तुम्ही वय पाहिलं होतं?"

व्हिडिओ कॉल लागला, आणि पडद्यावर दोन वेण्या घातलेली मुलगी आली. मागे कुकरची शिट्टी झाली. नवी आई बाजूला, चौकटीच्या कडेला बसली होती.

"जुई, तुझं काहीच चुकलं नव्हतं," प्रणिताबाई म्हणाल्या. "मला वाटलं मी खूप आजारी आहे."

"मी झोपेत लाथा मारायचे म्हणून नाही?"

"नाही गं राणी."

मग शलाका पडद्यासमोर आली. तिनं ठरवून ठेवलेली वाक्यं होती. मुलीचे डोळे पाहिल्यावर त्यांतलं एकही उपयोगाचं नव्हतं.

"मी शेजारच्या घरात एक मशीन लावलं होतं," ती म्हणाली. "त्याच्यामुळे मावशीची भिंत तापायची आणि मावशीला बरं नसायचं. मला ते कळलं होतं. मावशी तुला नाही म्हणणार आहे हेही कळलं होतं. तरी मी सांगितलं नाही."

जुईनं विचार केला. "विसरली होतीस?"

नवी आई किंचित पुढे झुकली. प्रणिताबाई शलाकाकडे पाहत होत्या.

"नाही," शलाका म्हणाली. "लक्षात होतं. सगळे मला रागावतील म्हणून घाबरले."

"हां," जुई म्हणाली. तिला ते ओळखीचं वाटलं असावं. "मग आता मावशीला बरंय?"

"बरंय."

"मग ठीक आहे." आणि ती आपल्या नव्या शाळेतल्या सशांबद्दल सांगू लागली.

फोन संपल्यावर शलाकाला रडू आवरलं नाही. प्रणिताबाईंनी तिला रडू दिलं. पाणी विचारलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही.

"ती लहान आहे. ती ठीक आहे म्हणू शकते," शेवटी त्या म्हणाल्या. "मी नाही म्हणणार. कदाचित कधीच नाही. आता जा तुम्ही."

शलाका बाहेर आली. प्लेट काढा म्हणून गिऱ्हाइकांना लिहिलेली पत्रं, केलेले फोन, ती चित्रफीत, सगळं झालं होतं. बाहेरगावचे बरेच जण प्लेटा काढतही होते. पण याच टॉवरमधल्या तिघांपैकी दोघांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. एवढा खर्च केलाय, शेजारी काही बोलत नाहीत, मग तुम्हाला काय पडलंय, असं त्यांचं म्हणणं. ती हात हलवत परत गेली होती. आपल्या गिऱ्हाइकांच्याच दारांवर जाण्याची तिची सवय होती.

लिफ्टसमोर ती थोडी थांबली. मग जिन्यानं दोन मजले उतरली, परत पाठवणाऱ्या एका गिऱ्हाइकाच्या दारावरून पुढे गेली, आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. आतून खोकल्याचा आवाज आला. खांद्यावर पंचा टाकलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी जाळीचं दार अर्धवट उघडलं. कपाळावर घाम होता.

"मी शलाका मोहरील. कंप्युटरचं काम करते."

"आमच्याकडे नाही बाई कंप्युटर."

"माहीत आहे, काका," ती म्हणाली. "तुमच्या शेजारी आहे. मी लावलाय."